वही दिवसांची, नकाशा जागेचा

गुहांचे नकाशे संगणकावर तयार करणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधी ना कधी एक कोरा कागद येतोच. सगळी मोजमापं बरोबर असतात. चित्रं मेहनतीने काढलेली असतात. प्रोग्राम एकही चूक दाखवत नाही. आणि पीडीएफ उघडून बघावी तर निम्मी गुहा गायब! किंवा वरच्या मजल्यावरचा बोगदा खालच्या बोगद्याखाली जाऊन बसलेला. किंवा गुहेचा एक तुकडा मूळ गुहेपासून सुटून भलतीकडेच तरंगतोय. बिचारा माणूस आकडे पुन्हा पुन्हा तपासत बसतो. आकड्यांत काही नसतं. बिघडलेली असते ती मांडणी.

मी स्वतः गुहांत रांगणारा माणूस नव्हे. आपल्याकडे सगळा बेसाल्ट. चुनखडीच्या डोंगराला पाणी पोखरतं तशा मैलोन्‌मैल गुहा आपल्या सह्याद्रीत कुठल्या असायला! पण नकाशांचं वेड जुनं आहे, आणि या विषयावर जे जे सापडलं ते वाचत गेल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. ही जी मांडणीची कटकट आहे ती काही सॉफ्टवेअरने आणलेली नाही. ती संगणकाच्या शंभर-दीडशे वर्षं आधीपासूनची आहे. कारण साधं आहे. गुहेत उतरणारा माणूस जे लिहून आणतो ते दिवसवार असतं: आज आम्ही चौघं गेलो, इथून इथपर्यंत मोजलं. आणि नकाशा बघणाऱ्याला ते हवं असतं जागेवार: ही नदी, हा दरबार, हा वरचा मजला. दिवसांची वही जागेच्या नकाशात कशी उतरवायची, हा सगळा प्रश्न आहे.

आधी मोजणी कशी होते ते सांगतो. एक खूण ठरवायची, तिला म्हणायचं स्टेशन. तिथून पुढच्या खुणेपर्यंत तीन गोष्टी मोजायच्या: टेपने अंतर, होकायंत्राने दिशा, आणि चढ किंवा उताराचा कोन. मग पुढच्या खुणेवर जायचं आणि तेच पुन्हा. बस्स. अशी एक साखळी तयार होते. होकायंत्रात एक अंशाची गफलत झाली तर शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक पडते. साखळी फिरून मूळ जागी आली, म्हणजे वर्तुळ पुरं झालं, तर सुरुवात आणि शेवट कागदावर सहसा जुळत नाहीत. ती चूक मग सगळ्या साखळीत थोडी थोडी वाटून द्यायची. हे झालं गणित, आणि गणित सुटतं. गंमत पुढे आहे.

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची गुहा आहे, जगातली सर्वांत लांब. १८३५ साली एडमंड ली नावाच्या इंजिनियरने तिचा मोजून-मापून नकाशा केला. माहीत होतं तेवढ्या भागाचा तो चांगला होता. पण माहीत होता तो भागच थोडा. पुढे १८३८ मध्ये स्टीफन बिशप नावाचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा तिथे मार्गदर्शक म्हणून आला. आला म्हणजे, त्याला आणलं गेलं. तो गुलाम होता. त्याच वर्षी त्याने 'बॉटमलेस पिट' नावाचा खड्डा ओलांडला आणि पलीकडची गुहा उघडी झाली. नंतर डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली, आणि गुहेबरोबर बिशपलाही. १८४२ मध्ये क्रोगन यांनी त्याला लुईव्हिलजवळच्या आपल्या घरी नेलं आणि तिथे, गुहेपासून कितीतरी दूर बसून, त्याने सबंध गुहेचा नकाशा आठवणीतून काढला.

हा नकाशा १८४५ साली एका प्रवासवर्णनाच्या पुस्तकाबरोबर छापला गेला. त्यावर बिशपचं नाव आहे, 'मार्गदर्शकांपैकी एक' असं. गुलाम असल्याचा उल्लेख नाही. एका गुलामाचं नाव कर्ता म्हणून छापलं जावं, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. अंतरं आणि दिशा या हिशेबाने बघितलं तर ली यांचा नकाशा अधिक शास्त्रशुद्ध. पण कुठला रस्ता कुठल्या रस्त्याला मिळतो, कशाच्या पुढे काय येतं, हे बिशपच्या नकाशात इतकं पक्कं होतं की पुढची चाळीसेक वर्षं लोक तो वापरत राहिले. त्याच्याकडे वही नव्हतीच. शेकडो फेऱ्यांची दिवसवार माहिती त्याच्या डोक्यातच जागेवार लागली होती. (बिशप १८५६ मध्ये मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी गेला. कित्येक वर्षांनी त्याच्या थडग्यावर जो दगड बसवला त्यावर मृत्यूचं साल १८५९ कोरलेलं आहे. ज्याने सगळ्या गुहेला नावं दिली, त्याच्याच खुणेवर चुकीची नोंद!)

त्यानंतर आला मॅक्स कॅम्पर. जर्मन इंजिनियर, १९०८ साल. त्याच्याबरोबर मार्गदर्शक होता एड बिशप, याच स्टीफनच्या घराण्यातला. दोघांनी मिळून आठ-एक महिन्यांत सुमारे पस्तीस मैल गुहा मोजली. आजही जाणकार त्या नकाशाच्या अचूकतेचं कौतुक करतात. एकच मोठा कागद, त्यावर एकावर एक गेलेले मजले वेगवेगळ्या रीतीने दाखवलेले. आणि इतका सुंदर नकाशा मालकांनी चक्क दडवून ठेवला. का? तर गुहा आपल्या जमिनीच्या हद्दीबाहेर जाते, हे त्यात स्वच्छ दिसत होतं. जमिनीखालची गुहा हद्दीचे दगड थोडीच बघते! शेजाऱ्याला कळलं तर तो स्वतःच्या शेतात भोक पाडून तिकिटं विकायला बसेल, ही भीती. आणि ती खोटी नव्हती. १९२१ साली जॉर्ज मॉरिसन नावाच्या माणसाने नेमकं तेच केलं. इस्टेटीच्या हद्दीबाहेर सुरुंग लावून मॅमथ केव्हचं नवं तोंड उघडलं आणि पर्यटक आत सोडायला सुरुवात केली.

याच परिसरातली दुसरी एक गुहा थेट कोर्टात गेली. ग्रेट ऑनिक्स केव्ह. तोंड एडवर्ड्‌स नावाच्या गृहस्थाच्या जमिनीत. त्याने आत वाटा केल्या, हॉटेल बांधलं, जाहिराती केल्या. शेजारी ली (हे वेगळे ली, इंजिनियर नव्हेत) म्हणाले, गुहेचा काही भाग माझ्या जमिनीखाली आहे. आता गंमत अशी की लींच्या जमिनीतून गुहेत उतरायला जागाच नाही. मोजायचं तर एडवर्ड्‌सच्याच दारातून आत जायला हवं, आणि एडवर्ड्‌स कशाला जाऊ देतो? शेवटी कोर्टाने मोजणीचा हुकूम दिला. त्याविरुद्धचं अपील १९२९ मध्ये फेटाळलं गेलं. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवलं होतं, की ज्याच्याकडे तोंड आहे आणि ज्याने कष्ट केले, गुहा त्याची. मला वाचताना ते मत फार माणुसकीचं वाटलं. पण मोजणी झाली, साधारण एक तृतीयांश भाग लींच्या जमिनीखाली निघाला, आणि १९३६ च्या निकालात त्या प्रमाणात नफ्याचा वाटा लींच्या वारसांना मिळाला. ली स्वतः तोवर हयात नव्हते.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं. त्या मोजणीत गुहेची वाटणी झाली ती ना दिवसांप्रमाणे, ना जागेप्रमाणे. ती झाली वरच्या कुंपणाप्रमाणे. त्याच गुहेचे तेच आकडे, पण कोर्टाला हवी होती तिसरीच मांडणी. एकच माहिती तीन जणांना तीन प्रकारे रचून हवी असते, हे तिथे पहिल्यांदा पैशात मोजलं गेलं.

१९४१ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. शेजारच्या फ्लिंट रिज नावाच्या डोंगराखाली आणखी गुहा होत्या, आणि १९५७ साली स्थापन झालेल्या केव्ह रिसर्च फाउंडेशनची मंडळी त्या मोजत सुटली होती. १९६१ पर्यंत त्या डोंगराखालच्या चार मोठ्या गुहा एकमेकींना जोडल्या गेल्या. आता समोर उरली ती मॅमथ केव्ह, मधे फक्त हाउचिन्स व्हॅली नावाची दरी. दोन्हीकडचे नकाशे एका कागदावर आणल्याशिवाय कुठे किती अंतर उरलंय ते कळणार नाही. आणि एका कागदावर आणायचं तर दोन्ही गुहांची तोंडं जमिनीवरून मोजून एकमेकांशी बांधायला हवीत. म्हणजे गुहेची मोजणी शेवटी उन्हातही करावी लागते!

१९७२ च्या ऑगस्टअखेर पॅट्रिशिया क्रोदर ही सडपातळ बाई एका अतिशय अरुंद फटीतून पलीकडे गेली. पलीकडच्या भागात भिंतीवर कोरलेलं सापडलं: पीट एच., आणि एक बाण. पीट हॅन्सन हा मॅमथ केव्हचा जुना मार्गदर्शक. म्हणजे कधीकाळी दुसऱ्या बाजूने माणूस इथवर पोचला होता. ९ सप्टेंबर १९७२ रोजी जॉन विल्कॉक्सच्या पुढारपणाखाली सहा जण त्या वाटेने गेले. पाण्यातून चालता चालता विल्कॉक्सला समोर पर्यटकांच्या वाटेचा कठडा दिसला. त्या दिवशी एकत्र गुहेची लांबी झाली १४४.४ मैल, म्हणजे सुमारे २३२ किलोमीटर.

ही पॅट्रिशिया आणि तिचा नवरा विल क्रोदर, दोघंही प्रोग्रामर. विल बीबीएन कंपनीत होता, जिथे इंटरनेटच्या पूर्वजाची, अर्पानेटची, यंत्रं तयार झाली. फाउंडेशनच्या नकाशांचं बरंचसं काम या जोडप्याच्या घरातून चालायचं. घरी टेलिटाइप यंत्र. त्यावर मोजणीचे आकडे टाइप करून ऑफिसच्या पीडीपी-१ संगणकावर पाठवायचे, उत्तर भोकं पाडलेल्या कागदी फितीवर घ्यायचं, आणि ते आलेखक यंत्रावर काढायचं. यंत्र फक्त रेघा काढून द्यायचं. भिंती, खडक, पाणी हे हाताने. म्हणजे नवीन वर्तुळ जुळलं, चूक वाटली गेली, रेघा हलल्या की हाताने काढलेलं सगळं चित्र पुन्हा काढायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पुढे दोघांचा घटस्फोट झाला. विलने १९७५-७६ च्या सुमारास आपल्या मुलींसाठी एक खेळ लिहिला, 'ॲडव्हेंचर' म्हणून. संगणकावरच्या साहसखेळांचा हा मूळपुरुष. त्यातली गुहा म्हणजे फ्लिंट रिजमधल्या कोलोसल केव्हचा बेडक्विल्ट नावाचा भाग. चित्र एकही नाही, सगळं शब्दांत. त्यातला एक चक्रव्यूह प्रसिद्ध आहे. प्रत्येक ठिकाणी गेलं की तेच वर्णन. तिथून सुटायची युक्ती म्हणजे प्रत्येक जागी हातातली एकेक वस्तू टाकत जायचं. मग जागा वेगळ्या ओळखू येतात आणि नकाशा काढता येतो. मला हे वाचल्यापासून वाटतं की हा चक्रव्यूह मोजणी करणाऱ्यालाच सुचावा. खुणेला वेगळं नाव नसेल तर जगातली सगळी मोजमापं व्यर्थ.

नावांचा हा घोळ पुढे १९८३ साली मोठ्या प्रमाणावर समोर आला असणार. १० सप्टेंबरला रोपेल केव्ह ही शेजारची लांबलचक गुहा मॅमथला जोडली गेली. रोपेलवर काम करणारी संस्था निराळी, आणि दोन्ही संस्थांमधून विस्तव जात नव्हता म्हटलं तरी चालेल. त्या दिवशी दोन तुकड्या दोन तोंडांनी आत शिरल्या, मधे भेटल्या आणि एकमेकांच्या तोंडाने बाहेर पडल्या. छानच प्रसंग. पण नकाशावाल्यांच्या दृष्टीने ते दोन संसार एकत्र आणणं होतं. दोन संस्थांच्या वह्या, खुणांना नावं देण्याच्या दोन पद्धती. प्रत्येकाच्या वहीत कुठे ना कुठे 'ए-१' असतोच!

यावर उपाय म्हणजे नावाला घराणं जोडायचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑली बेट्स आणि वूकी या दोघांनी सर्व्हेक्स नावाचा प्रोग्राम लिहायला घेतला. केंब्रिज विद्यापीठाचा गुहा-क्लब दर उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या टोटेस गेबिर्ग पर्वतात जातो, तिथल्या कामाशी याचा जवळचा संबंध. सर्व्हेक्समध्ये प्रत्येक मोजणी 'बिगिन' आणि 'एंड' यांच्यामध्ये ठेवायची आणि तिला नाव द्यायचं. मग ए-१ हा नुसता ए-१ राहत नाही. तो अमुक गुहेच्या तमुक भागाचा ए-१ होतो. दोन मोजण्या जिथे मिळतात तिथे 'इक्वेट' लिहून सांगायचं, की ही खूण आणि ती खूण एकच. हे सांगायला विसरलात की गुहेचा तेवढा तुकडा अधांतरी. सर्व्हेक्स निदान तक्रार तरी करतो, की अमुक खुणा कशालाच जोडलेल्या नाहीत.

त्या ऑस्ट्रियन पर्वतात नावांची आणखी एक मजा आहे. तिथे प्रत्येक गुहेला सरकारी नोंदवहीचा क्रमांक असतो: १६२३ हा विभाग, पुढे गुहेचा आकडा. 'कानिन्शेनहोले', म्हणजे सशांची गुहा, १६१. 'श्टाइनब्रुकेनहोले', दगडी पुलाची गुहा, २०४. पण नवं भोक सापडतं तेव्हा क्रमांक कुठला असायला? मग तात्पुरतं नाव, त्यात सापडल्याचं साल. पुढे पक्का क्रमांक मिळतो. आणि त्यानंतर कळतं की १६१ आणि २०४ या एकाच मोठ्या गुहेची दोन तोंडं आहेत. नोंदीत मात्र त्या दोनच राहतात. आपल्या अजिंठ्याचंही तेच आहे की. लेण्यांना क्रमांक पडले ते वाटेवरच्या क्रमाने, काळाच्या क्रमाने नव्हे. म्हणून सर्वांत जुनी लेणी नऊ आणि दहा. आणि ढिगाऱ्याखाली दबलेलं एक लेणं मागाहून हाती आलं, त्याला झालं '१५-अ'!

सर्व्हेक्स रेघांचं काम चोख करतो. पण भिंती, खडक, पाणी? क्रोदर जोडप्याची जुनी अडचण तशीच होती. १९९९च्या सुमारास मार्टिन बुदाय आणि स्टाखो मुद्राक या दोन स्लोव्हाकांनी तिला हात घातला आणि थेरियन जन्माला आला. त्यांच्या देशातल्या टाट्रा पर्वतात एका गुहेचं नावच 'मेलेल्या वटवाघळांची गुहा' असं आहे. थेरियनमध्ये चित्र हे रेघांना टाचलेलं असतं. रेघा हलल्या की चित्र आपोआप ताणलं जातं, पुन्हा काढावं लागत नाही. माझ्या मते गुहांच्या नकाशांत बिशपनंतर झालेली ही सर्वांत मोठी गोष्ट.

आणि मांडणीचं काय? थेरियनने सरळ मान्य करून टाकलं की झाडं दोन आहेत. एक मोजण्यांचं झाड, म्हणजे वह्या, दिवस, माणसं. दुसरं नकाशांचं झाड. चित्राचा सर्वांत लहान तुकडा म्हणजे स्क्रॅप. त्यात गुहा स्वतःवरून जाता कामा नये, असा नियम. स्क्रॅप मिळून मॅप, मॅप मिळून मोठा मॅप. एका मॅपमध्ये एकतर स्क्रॅप ठेवा किंवा दुसरे मॅप ठेवा. दोन्हीची खिचडी चालत नाही. वरून दिसणारा आराखडा आणि बाजूने दिसणारा छेद यांचीही नाही. दोन्ही झाडांना एकमेकांच्या फांद्यांशी जुळायची सक्ती नाही. एका दिवसाच्या मोजणीतून चार स्क्रॅप निघू शकतात आणि ते तीन मॅपमध्ये जाऊ शकतात. शिवाय नावाची दिशा उलटी. सर्व्हेक्समध्ये आधी गुहा, मग भाग, शेवटी खूण. थेरियनमध्ये आधी खूण, मग भाग, मग गुहा, आपल्या पत्रावरच्या पत्त्यासारखं: आधी घर, मग गाव, मग तालुका, मग जिल्हा. एकातून दुसऱ्यात जाणारे इथेच हटकून गोंधळतात.

तर तो सुरुवातीचा कोरा कागद. होतं काय, की जोवर तुम्ही एकही मॅप निवडत नाही तोवर थेरियन समोर असेल ते सगळं छापतो. माणूस खूश. मग तो गुहा नीट लावायला घेतो, पहिला मॅप तयार करतो, तो छापायला निवडतो, आणि त्या क्षणापासून यादीत नसलेला प्रत्येक स्क्रॅप नकाशातून जातो. प्रोग्राम काही बोलत नाही. कशाला बोलेल? तुम्ही सांगितलं तेवढंच त्याने छापलं. नेमका 'व्यवस्थित मांडायला' घेतल्यावरच निम्मी गुहा नाहीशी होते ती अशी.

वरचा बोगदा खाली गेला असेल तर यादीतला क्रम बघायचा. मॅपमधला क्रम आणि मधे टाकलेले 'ब्रेक' यांवरून कोण कुणाच्या वर ते ठरतं. थेरियनला उंची आकड्यांत माहीत असते, पण चित्र एकावर एक रचताना तो मुख्यतः तुमची यादी ऐकतो. दोन स्क्रॅपच्या मधे फट दिसत असेल तर 'जॉइन' राहिलेलं असतं. आणि एखादा तुकडा विचित्र ताणला गेला असेल तर बहुतेक वेळा तो भलत्याच मोजणीतल्या ए-१ ला टाचला गेलेला असतो. जाणकार मंडळी मोठ्या मॅपकडून खाली न येता उलटं जातात. एकच स्क्रॅप निवडून छापायचा. दिसला? मग तो ज्यात आहे तो मॅप. दिसला? मग त्याच्या वरचा. ज्या पायरीवर तुकडा नाहीसा होतो, तिथे यादीत त्याचं नाव नाही.

२००८च्या आसपास बीट हीब या स्विस गृहस्थाने लेसरच्या अंतरमापकात होकायंत्र आणि कोनमापक बसवून दिलं. आता अंतर, दिशा आणि कोन एका बटणात मिळतात आणि थेट हातातल्या पडद्यावर जातात. वही ओली व्हायची भीती गेली, आकडा उलटा लिहायची भीती गेली. मॅमथ केव्हची मोजलेली लांबी २०२१ मध्ये ४२० मैल, म्हणजे सुमारे ६७६ किलोमीटर, जाहीर झाली, आणि मोजणी चालूच आहे. पण अजूनही गुहेत उतरलेल्या चौघांपैकी कुणीतरी एकाने अंधारात, चिखलात बसून ठरवायचं असतं, की या खुणेला काय नाव द्यायचं आणि ती आधी कुणाच्या वहीत आहे का.